कीबोर्ड बदलला की शॉर्टकट का बिघडतात?

प्रश्न : सांगलीतील हळद-व्यापाऱ्यांसाठी आम्ही सौद्यांच्या नोंदी ठेवणारे, ब्राउझरमध्ये चालणारे सॉफ्टवेअर तयार केले आहे. त्यात शोधासाठी 'कंट्रोल + तिरपी रेघ' आणि एक्स्पोर्टसाठी 'कंट्रोल + आल्ट + ई' असे शॉर्टकट आहेत. एका निर्यातदाराच्या जर्मनीतील कार्यालयात शोध उघडतच नाही, आणि येथे मराठी इन्स्क्रिप्ट (देवनागरी टंकलेखनाची कीबोर्ड-मांडणी) चालू असताना 'कंट्रोल + एस'सुद्धा अडते. सर्वत्र चालतील असे शॉर्टकट कसे निवडावेत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जर्मन कीबोर्डवर तिरपी रेघ शिफ्ट आणि ७ दाबून उमटते, त्यामुळे 'शिफ्ट दाबलेली नसावी' अशी अट तुमच्या प्रोग्रॅममध्ये असेल, तर तेथील कर्मचाऱ्याला या जोडीने शोध उघडता येणार नाही. विरामचिन्हे शॉर्टकटसाठी घेऊच नयेत. शोधाला 'कंट्रोल + के' पुरेसे आहे.

'कंट्रोल + आल्ट' ही जोडी त्याहून घातक आहे. विंडोजमध्ये ती उजवीकडच्या आल्ट-जीआर कळीचे काम करते, आणि जर्मन मांडणीत आल्ट-जीआर व ई मिळून युरोचे चिन्ह उमटते. म्हणजे दराच्या रकान्यात € लिहू पाहणाऱ्यासमोर तुमची एक्स्पोर्टची खिडकी उघडू शकते. हे जर्मनीपुरतेच नाही, विंडोजच्या 'इंग्लिश इंडिया' मांडणीत ₹ हे चिन्हही याच रीतीने ४ च्या कळीवर आहे.

इन्स्क्रिप्टची अडचण वेगळी आहे. दाबलेल्या कळीबद्दल ब्राउझर दोन गोष्टी कळवतो : 'की' म्हणजे उमटणारे अक्षर आणि 'कोड' म्हणजे कळीची जागा. इन्स्क्रिप्टमध्ये एसच्या कळीवर एकाराची मात्रा असल्याने केवळ 'की' तपासणारा प्रोग्रॅम फसतो. म्हणून सरसकट 'कोड'च वापरावा असे वाटेल, पण जर्मन मांडणीत झेड आणि वाय यांच्या जागांची अदलाबदल असते, त्यामुळे 'कंट्रोल + झेड' दाबून चुकीची नोंद मागे घेणाऱ्याच्या वाट्याला 'कंट्रोल + वाय'चे, म्हणजे मागे घेतलेले पुन्हा करण्याचे, काम येईल. आधी 'की' पाहावी आणि ती रोमन अक्षर नसेल तरच 'कोड'कडे वळावे.

वारंवारच्या कामांसाठी फंक्शन कळा उत्तम, कारण त्या मांडणीनुसार बदलत नाहीत (लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावी लागते, ही कुरकुर ऐकून घ्यावी लागेल). टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ८ ने विक्री आणि एफ९ ने खरेदी नोंदवण्याची सवय दुकानांतील दिवाणजींना असतेच, तेव्हा तेच अर्थ कायम ठेवावेत. एफ५ ने ब्राउझर पान पुन्हा उघडतो, तिला हात लावू नये. हे सारे तपासण्यासाठी जर्मन कीबोर्ड मागवण्याची गरज नाही. विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये जर्मन मांडणी जोडली की सांगलीत बसूनच चाचणी घेता येते.