बी.एस्सी.च्या मुलांना केमिस्ट्रीतल्या संकल्पना सोप्या करून कशा सांगाव्यात?

तुम्ही लिहिलंय की परभणीजवळच्या कॉलेजात यंदा सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, लागलात, प्रथम वर्षाची मुलं व्याख्या धडाधड म्हणतात, पण उदाहरण जरा फिरवून दिलं की पेन खाली ठेवतात. अशांना विषय सोपा कसा करायचा? मी बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात 22 वर्षं केमिस्ट्री शिकवतोय. पहिली काही वर्षं मीही पोर्शन कमी करायचो, नोट्स लहान करायचो आणि त्यालाच सोपं करणं समजायचो. मुलं पास होत होती, विषय मात्र त्यांच्या हाती लागत नव्हता.

माझे डोळे एका व्हायवात उघडले. रासायनिक समतोलाची, म्हणजे क्रिया दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चालते त्या स्थितीची, व्याख्या बिनचूक म्हणणाऱ्या मुलीला मी विचारलं, "मग त्या वेळी भांड्यात कोणता पदार्थ किती असतो?" ती म्हणाली, "दोन्ही सारखे, सर." तिच्यामागून आलेल्या बहुतेकांनी तेच सांगितलं. चूक त्यांची नव्हती. समतोल म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे तराजू येतो, आणि पारडी समतोल झाली म्हणजे वजन दोन्हीकडे सारखं. तुम्ही 'इक्विलिब्रियम' म्हणा, लेकरू मनात त्याचं मराठी करूनच घेतं. तेव्हापासून नवा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी मी वर्गाला विचारतो, हा शब्द ऐकून काय आठवतं? 'मोल' (कण मोजायचं एकक) म्हटलं की मोलमजुरी. 'जड पाणी' म्हटलं की बोअरचं, ज्याला साबणाचा फेस येत नाही ते. पुस्तक त्याला दुष्फेन म्हणतं, आणि पुस्तकातलं जड पाणी ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, निघतं. ही दहा मिनिटं वाया गेली असं अजिबात समजू नका.

समतोलासाठी मी एक प्रयोग दरवर्षी न चुकता घेतो. 25 मिलीचे दोन मेजरिंग सिलिंडर घ्या, आणि एक जाड, एक बारीक अशा दोन काचनळ्या. पहिल्या सिलिंडरात 25 मिली रंगीत पाणी, दुसरा रिकामा. एकाने जाड नळी पहिल्याच्या तळापर्यंत बुडवायची, वरचं तोंड बोटाने दाबायचं आणि नळीत आलेलं पाणी दुसऱ्यात सोडायचं. त्याच वेळी दुसऱ्याने बारीक नळीने उलटीकडून तसंच करायचं. प्रत्येक फेरीला दोन्ही पातळ्या वहीत लिहायच्या. सुरुवातीला पातळ्या भराभर बदलतात, मग हळूहळू, आणि पंचवीस-तीस फेऱ्यांनंतर जागेवर थांबतात. हात मात्र चालूच असतात! नळ्यांचा आतला व्यास 6 आणि 4 मिलिमीटर असेल तर पहिल्यात साधारण 8 आणि दुसऱ्यात 17 मिली पाणी राहतं. म्हणजे समतोल आला, पण दोन्ही बाजू सारख्या झाल्या नाहीत. सारखं झालं ते जाणारं आणि येणारं पाणी. आता दुसऱ्यात 5 मिली पाणी वाढवा आणि फेऱ्या चालू ठेवा. पातळ्या नव्या येतात, त्यांचं गुणोत्तर तेच. समतोल स्थिरांक, म्हणजे समतोलात न बदलणारं हे गुणोत्तर, काय असतो, हे मुलं मी सांगायच्या आधी बोलून दाखवतात.

त्यानंतर एक गोष्ट आवर्जून सांगायची: रेणूंना असे हात नसतात, ते पाळीपाळीने जात नाहीत, त्यांच्या धडका कशाही होतात. दाखला कुठपर्यंत चालतो हे सांगितलं नाही, तर मुलं दाखलाच पाठ करतात.

ग्लासगो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स जॉनस्टोन यांनी 1991 मध्ये मांडलेलं एक म्हणणं मला फार उपयोगी पडलं. केमिस्ट्री तीन पातळ्यांवर चालते: डोळ्यांना दिसणारं, कणांचं, आणि चिन्हांचं. आपण शिकवताना एका वाक्यात तिन्हीकडे फिरून येतो, कारण आपल्याला सवय आहे. नवख्या मुलाला ते झेपत नाही. म्हणून आधी हातातली वस्तू, मग कणांचं चित्र मुलांनी स्वतः काढायचं, आणि समीकरण सगळ्यात शेवटी. पोर्शन तोच राहतो, क्रम तेवढा बदलतो.

आपल्याकडे हातातल्या वस्तूंना तोटा नाही. युरियाच घ्या. त्याचं रेणुवस्तुमान 60, म्हणजे एक मोल 60 ग्रॅमचा, गोणी 45 किलोची, म्हणजे एका गोणीत 750 मोल. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती गोणी पाठीवर वाहिलेली असते, त्यामुळे हा आकडा त्यांच्या लक्षात राहतो. पुढचा प्रश्न: फवारणीसाठी युरिया पाण्यात टाकला की बादली गार का लागते? 100 मिली पाण्यात 30 ग्रॅम विरघळवून थर्मामीटर लावा, तापमान दहा अंशांहून जास्त उतरतं. एक मोल युरिया विरघळताना साधारण 15 किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. मग उष्णता खर्च होत असूनही तो आपणहून विरघळतो कसा? हा प्रश्न मुलांच्या मनात नीट रुजू द्या, लगेच उत्तर देऊ नका. एन्ट्रॉपी (कणांच्या विखुरण्याचं माप) आणि उष्णता व एन्ट्रॉपी यांचा एकत्र हिशोब करणारं गिब्जचं सूत्र दुसऱ्या दिवशी सांगा.

एका चुकीच्या समजुतीकडे मात्र आधीच लक्ष द्या. बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, असं बहुतेकांच्या डोक्यात बसलेलं असतं, जीवशास्त्रात एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) शिकताना तर पक्कंच होतं. बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. बाहेर पडते ती नवे बंध जुळताना. हे वर्षभरात पाच-सहा वेळा तरी सांगावं लागतं.

कोणत्या भाषेत शिकवावं, असंही तुम्ही विचारलंत. कल्पना मराठीतून पोचवा, अगदी घरच्या बोलीत. पेपर इंग्रजीत आहे, म्हणून शेवटची पंधरा मिनिटं तीच गोष्ट मुलांकडून तीन-चार इंग्रजी वाक्यांत लिहून घ्या. आणि सोयाबीनच्या काढणीत बाक रिकामे होतात, त्याचा राग धरू नका. त्या दिवसांत प्रत्येक तास स्वतंत्र समजेल असा घ्या.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल, तर पाण्यापासून. पहिल्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला आपापल्या गावच्या बोअरचं पाणी बाटलीत आणायला सांगा आणि ईडीटीएने (कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं रसायन) टायट्रेशन करून, म्हणजे ते थेंबथेंब घालत मोजून, पाण्याचा कठीणपणा (दुष्फेनपणा) काढायला लावा. वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा येताना बघायला सगळे ब्युरेटभोवती गोळा होतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणी मिळत नसेल तर 600 पर्यंत. आपल्या गावचा आकडा काढायचा म्हटल्यावर मोलॅरिटीचं (एका लिटरमध्ये किती मोल, याचं) गणित कशाला, असं आजवर मला कुणी विचारलेलं नाही. मग तेच पाणी उकळून, थंड करून, गाळून पुन्हा मोजायला सांगा. बायकार्बोनेट असेल तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, समतोल सरकतो, भांड्याला पांढरा थर धरतो आणि दुसरा आकडा खाली येतो. घरच्या हंड्याच्या बुडाला रोज दिसणारा थर हाच का, हे मग मुलंच तुम्हाला विचारतील.