रेक्टर कोण निवडतो, शुल्क कोण भरतो?

प्रश्न : माझ्या पुतणीला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. तिथल्या कागदपत्रांत ‘कोर्ट’, ‘सेनेट’ आणि विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला ‘रेक्टर’ असे उल्लेख आहेत. शिवाय तिथे पहिल्याच पदवीला एम.ए. म्हणतात. हा कारभार कसा चालतो? स्थानिक मुलांना शुल्क पडत नाही, मग पैसा येतो कुठून?

उत्तर : नावांवर जाऊ नका. तिथले कोर्ट म्हणजे आपली व्यवस्थापन परिषद. मालमत्ता, नेमणुका आणि हिशेब तिच्या हाती असतात. सेनेट ही आपल्यासारखी अधिसभा नसून अभ्यासक्रम आणि परीक्षा पाहणारी प्राध्यापकांची सभा आहे. कुलगुरूचे काम प्रिन्सिपल करतात. पोपच्या आज्ञापत्राने १४५१ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात कोर्ट आले ते मात्र १८५८ च्या कायद्याने, आणि त्याच कायद्याने कोर्टाचे अध्यक्षपद रेक्टरला दिले. रेक्टरला विद्यार्थी तीन वर्षांसाठी निवडतात. कधीकधी ही निवड म्हणजे निव्वळ भूमिका घेणे असते : १९६२ मध्ये निवडून आलेले वर्णभेदविरोधी नेते आल्बर्ट लुथुली यांना दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने देशाबाहेर जाऊ दिले नाही, तर २०१४ मध्ये निवडलेले, अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणारे एडवर्ड स्नोडेन रशियात आश्रयाला होते. खुर्ची रिकामी राहिली तर विद्यार्थ्यांची बाजू कोर्टात मांडणार कोण, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

एम.ए.चे म्हणाल, तर ती तिथली जुनी रीत आहे. ऑनर्ससह चार वर्षांचा हा अभ्यासक्रम पहिल्या पदवीच्याच तोलाचा असतो, त्यामुळे पुढे अर्ज करताना पुतणीला हे दरवेळी समजावून सांगावे लागेल.

पैशाची गोष्ट अधिक रंजक आहे. अठराव्या शतकात विद्यार्थी वर्गाचे शुल्क थेट प्राध्यापकाच्या हातात देत. तिथले प्राध्यापक आणि नामवंत अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ १७६४ मध्ये सत्राच्या मध्येच नोकरी सोडून निघाले, तेव्हा त्यांनी प्रत्येकाचे शुल्क कागदाच्या पुडीत बांधून परत केले, आणि घ्यायला नकार देणाऱ्या एका मुलाचा कोट धरून पुडी त्याच्या खिशात कोंबली, असे सांगतात. पुढे १९०१ मध्ये मूळचे स्कॉटिश असलेले अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी स्कॉटलंडच्या विद्यापीठांसाठी एक कोटी डॉलरचा न्यास स्थापन केला. त्याचे निम्मे उत्पन्न स्कॉटिश विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी राखलेले होते.

आज स्कॉटिश विद्यार्थ्याचे वर्षाला १,८२० पौंड शुल्क सरकार भरते, आणि हा आकडा २००९ पासून बदललेला नाही. विद्यापीठाला सरकारी अनुदान वेगळे मिळते. पण खर्च वाढतो तसे ते वाढत नाही आणि अशा सरकारी खर्चाच्या जागांवर मर्यादाही असते. राहिलेली तूट बव्हंशी परदेशी विद्यार्थ्यांच्या कित्येक पटींनी जास्त असलेल्या शुल्कातून भरून निघते, म्हणजे वर्गात शेजारी बसणाऱ्या स्कॉटिश मुलाच्या शिक्षणाचा थोडा भार आपली पुतणीही उचलणार आहे.