वाचकांचे प्रश्न : घोडीचा साज आणि छातीवरचे व्रण

प्रश्न : मी नागावला (ता. अलिबाग) राहतो. पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवण्यासाठी गेल्या दिवाळीत एक लहान चणीची घोडी आणि दोन चाकी गाडी घेतली. साज मोठ्या घोड्याचा मिळाला; तो जास्तीची भोके पाडून बसवला. महिनाभरातच खांद्याच्या पुढे आलेल्या हाडावर दोन्ही बाजूंना कातडी सोलली आहे. शिवाय रस्त्यावरून पुळणीवर उतरताना घोडी मागचे पाय झाडते. छातीपट्ट्याला मऊ कापड गुंडाळले तर चालेल का?

उत्तर : कापडाने चालणार नाही. व्रण पूर्ण भरून केस येईपर्यंत घोडीला गाडीला जुंपू नका. हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पट्टा चढवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, पण तीमुळे जखम कायमची होते.

छातीपट्ट्याची योग्य जागा फार अरुंद असते. तो श्वासनलिकेच्या खाली आणि आपण म्हणता त्या हाडाच्या वर आडवा बसला पाहिजे. वर सरकला तर चढावर घोडीचा श्वास कोंडतो, आणि खाली उतरला तर प्रत्येक पावलागणिक ते हाड पट्ट्याखाली घासत राहते. आपल्या घोडीचे हेच झाले आहे. मानेवरून येणारी पट्टी आखूड करून छातीपट्टा वर घ्यावा. मात्र भोके एकाच बाजूला पाडली असतील, तर पट्ट्याचा गादीचा भाग मध्यभागी न राहता एकीकडे सरकलेला असेल, आणि तो दोष कितीही बकले आवळली तरी जात नाही. चर्मकाराकडून पट्टा मधून कापून दोन्ही बाजूंनी सारखा करून घ्या.

पट्ट्याला जोडलेले ओढपट्टे गाडीला कोठे बांधले आहेत, तेही पाहा. ते थेट आसाशी, फार खाली बांधले असतील, तर छातीपट्टा खाली ओढला जातो आणि मानेवरची पट्टी रुतते. शिवाय घोडीचे खांदे आळीपाळीने पुढे जातात, त्यामुळे ओढपट्टे मध्यावर फिरणाऱ्या आडव्या दांडक्याला जोडलेले असावेत. दांडके घट्ट खिळलेले असेल, तर खांदा हलतो आणि पट्टा हलत नाही, म्हणजे पुन्हा घासणे आलेच. भुसभुशीत पुळणीत ओढ कितीतरी वाढत असल्याने डांबरी रस्त्यावर खपून जाणारी चूक तेथे लगेच दिसते.

उतारावर पाय झाडण्याचे कारण बहुधा मागचा पट्टा सैल असणे हे आहे. छातीपट्टा गाडी ओढतो, पण ती थोपवण्याचे काम पुठ्ठ्यामागच्या पट्ट्याचे. तो ढिला असला की गाडी पुढे येऊन घोडीच्या मागच्या पायांवर आदळते आणि ती बिचारी लाथ मारते. ओढपट्टे ताणलेले असताना हा पट्टा आणि पुठ्ठा यांत तळहाताच्या रुंदीइतके अंतर असावे. तो शेपटीच्या मुळाखाली वीत-दीड वीत अंतरावर आडवा राहावा. फार खाली गेला तर मागचे पाय त्यात अडखळतात. दुमचीखाली (शेपटीच्या मुळाखालून जाणाऱ्या पट्टीखाली) दोन-तीन बोटे जावीत आणि शेपटीचा एकही केस तिच्यात अडकू नये.

पाठीवरची गादी खांद्यांच्या उंचवट्यामागे, कण्याला न टेकता बसावी आणि तंग (गादी पोटाखालून आवळणारा पट्टा) कोपरापासून चार बोटे मागे असावा. माणसे बसल्यावर गाडीच्या दांड्यांचे (घोडीच्या दोन्ही बाजूंनी पुढे येणाऱ्या) वजन पाठीवर अगदी थोडे येईल, अशी माणसे बसवावीत. सगळे मागे बसले की दांड्या वर उचलल्या जातात, आणि त्यांना आवरणारा पोटाखालचा पट्टा तंगापेक्षा किंचित सैल, पण बांधलेला असावाच. १९६५ च्या ओझेवाहू जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडीवान आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चारांपेक्षा जास्त माणसे बसवता येत नाहीत. गर्दीच्या दिवशी हे आठवत नाही, एवढेच.

रोज काम संपल्यावर घोडीची छाती व पाठ आणि साज गोड्या पाण्याने धुवावा, कारण वाळलेले मीठ आणि पट्ट्यात अडकलेली वाळू सँडपेपरसारखी कातडी खरवडते. चामडे सावलीत वाळवून त्याला तेल द्यावे.

सोडताना आधी मागचा पट्टा, मग ओढपट्टे सोडून गाडी मागे न्यावी. लगाम आणि झापडे मात्र गाडी पूर्ण सुटेपर्यंत तोंडावरून काढू नका. जुंपलेली घोडी अचानक मागची गाडी पाहून उधळली, तर तिला धरायला आपल्या हातात काहीच उरत नाही.