टेबल डावीकडे कलतंय? आधी बोल्ट काढून भोकं बघा

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चढवून गाडी उचलायचं टेबल अर्ध्यावर नेलं की डावीकडे कलतं, वेल्डिंग कच्चं राहिलं असेल का, असं तुम्ही विचारलंय. वाचताना माझंच टेबल डोळ्यांपुढे आलं. सात फूट बाय दोन फूट, कात्रीची रचना, खाली बॉटल जॅक. मीही वेल्डिंगलाच दोष देत होतो.

ज्याच्याकडून सांगाडा करून घेतला, त्याने "आडवी पट्टी मारून देतो" म्हणत दोनदा पट्ट्या मारल्या. दोन्ही वेळा टेम्पोचं भाडं माझं आणि कलणं जसंच्या तसं. एकदा बोल्ट काढून तरी बघू, हे ना त्याने सुचवलं ना मला सुचलं. त्याचा राग अजून जात नाही. मग एक दिवस मागचं चाक काढायला एक्सलच्या नटावर लांब पाना लावून जोर दिला आणि गाडी टेबलासकट झुकली. रॅचेटचे पट्टे आवळलेले होते म्हणून पडली नाही. मुलगा येईपर्यंत सीटला खांदा लावून उभा होतो.

त्या रात्री कात्रीचे आर्म, म्हणजे तिरक्या दांड्या, जोडणारे बोल्ट काढले. २ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपला नुसतं आरपार भोक, त्यात १२ मिमीचा बोल्ट. भोक लांबट होऊन १४ पर्यंत गेलेलं, आट्यांत लोखंडाचा चुरा. बोल्ट पूर्ण आट्यांचा, तो कानशीसारखा पाइप खात होता. टेबल खाली असताना आर्मचा जमिनीशी कोन जेमतेम १० अंश असतो. १९५ किलोची गाडी आणि माझा ५० किलोचा सांगाडा उचलायला तिथे आडवा जोर सुमारे १४०० किलोंचा लागतो. ४५ अंशांवर तोच २४५ वर येतो. म्हणजे भोकांची वाट लागते ती सुरुवातीला, आणि आपल्याला कळतं टेबल वर गेल्यावर.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून लेथवर पोकळ बुश, म्हणजे बोल्ट आत फिरेल अशा जाड नळ्या, करून आणले. पाइपच्या दोन्ही भिंती पार करतील एवढे लांब, दोन्हीकडून गोल वेल्ड. वेल्डिंगनंतर आतलं भोक आकसतं, रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) फिरवून घ्या. बोल्ट ८.८ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचा, बुशात येणारा भाग गुळगुळीत, आटे नटापुरतेच. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा), दोन आर्ममध्ये वॉशर, ग्रीस.

बॉटल जॅक आडवा बसवला असेल तर पंपाची बाजू खाली हवी, नाहीतर तो तेलाऐवजी हवा ओढतो. आणि गाडी वर असताना जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, भरीव सळईचं लॉक लागलंच पाहिजे. यात मी कुणाचं ऐकत नाही.

मी इंजिनिअर नाही, माझ्या टेबलावर जे झालं तेवढंच सांगतोय. तुमच्या पाइपची जाडी व्हर्नियरने मोजा. सांगितली २ आणि निघाली १.६, असं झालं तर बुशात पैसे घालू नका, आर्म नवेच करा.