जखमी उंदराची शुश्रूषा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांत पाळीव उंदरांविषयीची पत्रे अनपेक्षितपणे जास्त निघाली आणि त्यांतील बहुतेक पत्रे अपघातानंतर लिहिलेली होती. त्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या तक्रारी पुढच्या अंकावर टाकून हे सदर यावेळी उंदरांना दिले आहे.

प्रश्न : माझ्या मुलाकडे आठ महिन्यांची पाळीव उंदराची मादी आहे. परवा ती न्हाणीघराच्या दारात चेंगरली. शेपटीच्या टोकाकडची दोनेक इंच कातडी मोज्यासारखी निघून आली आणि मागचा एक पाय सुजला. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल तेल लावले. शेजारच्यांनी फेणीचा बोळा फिरवायला सांगितला होता, तो मी फिरवला नाही. ती कोपऱ्यात अंग फुगवून बसते आणि कालपासून जवळपास काही खात नाही. आमच्याकडचे डॉक्टर गुरे आणि कुत्री पाहतात. शेपटी पुन्हा येईल का आणि तोवर घरी काय करावे?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : शेपटी पुन्हा येणार नाही. पालीची येते, उंदराची येत नाही. मात्र आपले पत्र वाचताना मला शेपटीपेक्षा ‘कालपासून जवळपास काही खात नाही’ या वाक्याची अधिक काळजी वाटली. उंदीर दिवसाला साधारण पंधरा ते वीस ग्रॅम अन्न खातो आणि वजनाच्या दर शंभर ग्रॅममागे सुमारे दहा मिलिलिटर पाणी पितो. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा कमी असतो, त्यामुळे एक दिवसाची उपासमार आणि अंगाचा गारठा या दोन गोष्टी त्याला जखमेपेक्षा लवकर खचवतात. शिवाय उंदीर हा इतरांचे भक्ष्य होणारा प्राणी असल्याने दुखणे लपवणे त्याच्या स्वभावातच आहे. तो ओरडत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असे समजू नये. डोळे अर्धवट मिटलेले, कान मागे वळून दुमडलेले, गाल आणि नाक चपटे दिसणारे, पाठ कमानीसारखी आणि केस विस्कटलेले असतील, तर ती वेदनेची खूण मानावी. आपली मादी नेमकी तशीच बसली आहे.

म्हणून आज पहिले काम वजन करण्याचे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक डबा ठेवून काटा शून्यावर आणावा, डब्यात तिला बसवावे आणि आकडा तारीख घालून लिहून ठेवावा. हे रोज एकाच वेळी करावे. दुखापतीपूर्वी वजन 280 ग्रॅम असेल आणि ते 250 च्या आसपास उतरले, तर घरच्या उपचारांवर अवलंबून राहू नये.

तिला एका लहान, बुटक्या खोक्यात ठेवावे, म्हणजे चढउतार करता येणार नाही. खाली लाकडाचा भुसा नको, कारण तो उघड्या जखमेत चिकटतो आणि त्याची धूळ उंदराच्या नाजूक फुप्फुसांनाही सोसत नाही. जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा टिश्यू पेपर घालून तो दिवसातून दोनदा बदलावा. टॉवेल टाळावा, त्याच्या धाग्यांत नखे अडकतात. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच अर्ध्या भागात ठेवावी, म्हणजे ऊब नको असेल तर तिला दुसरीकडे सरकता येईल. हे सारे पावसाळ्यातले किंवा रात्रीचे झाले. एप्रिल-मेच्या दुपारी हेच उलटे करावे लागते. उंदराला कुत्र्यासारखे धापा टाकून अंग थंड करता येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो, आणि इथे शेपटीच जायबंदी आहे.

जखम धुण्यासाठी औषधांच्या दुकानातले नॉर्मल सलाईन उत्तम. ते मिळेपर्यंत अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा लहान चमचा काठाच्या किंचित खाली भरून, विरघळवावे आणि सुई नसलेल्या सिरिंजने त्याची बारीक धार जखमेवर सोडावी. चोळू नये. हळद आणि तेल अशाच धारेने हळूहळू निघून जाऊ द्यावे. सासूबाईंचा हेतू चांगला होता, पण हळदीच्या पिवळ्या थराखाली लाली वाढते आहे की नाही हे दिसत नाही आणि तेलाला केस-कचरा चिकटतो. उंदीर अंगावर लावलेली प्रत्येक गोष्ट चाटून पोटात घेतो, आणि त्याला ओकारी होत नसल्यामुळे पोटात गेलेले बाहेर येत नाही. घरातले जंतुनाशक, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरात पडलेली कोणतीही मलमे याच कारणाने वर्ज्य समजावीत. फेणी तिच्या शेपटीवर गेली नाही हे बरे झाले. उघड्या मांसावर मद्य आग तर करतेच, पण भरू पाहणाऱ्या पेशीही जाळते.

कातडी गेलेला शेपटीचा भाग पुढील काही दिवसांत वाळून काळा पडतो आणि बहुधा आपोआप गळतो. तो ओढू नये, कापू नये, बांधून ठेवू नये. वाळलेल्या आणि निरोगी भागाच्या सीमेवर सूज, पू किंवा वास दिसला, तर डॉक्टरांना भूल देऊन तो भाग काढावा लागतो. मुलाला एवढे मात्र आवर्जून सांगावे की, उंदराला शेपटीला धरून उचलले तरी कातडी अशीच सुटून येऊ शकते.

पायाचे हाड मोडले आहे की नाही हे क्ष-किरणांवाचून खात्रीने सांगता येणार नाही. पाय वेडावाकडा दिसत नसेल आणि हाड बाहेर आलेले नसेल, तर तीन-चार आठवड्यांची बंदिस्त विश्रांती हाच बहुतेक वेळा खरा उपचार असतो, कारण उंदीर बांधलेली पट्टी रात्रीतून कुरतडून टाकतो.

खाण्यासाठी आपल्याकडची उकड्या तांदळाची पेज फार सोयीची आहे. मीठ न घातलेली, कोमट, जराशी घट्ट पेज, त्यात कुस्करलेले केळे किंवा उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर बलक, असे चमच्याच्या टोकावर थोडे थोडे, दोन-तीन तासांनी द्यावे. उंदीर अनोळखी अन्नाला सहज तोंड लावत नाही, त्यामुळे पूर्वी जे आवडीने खात होती त्यातूनच सुरुवात करावी. औषधही त्याच्याच लहानशा घासात द्यावे, पिण्याच्या पाण्यात मिसळू नये. चव बदलली की ती पाणीच कमी पिते आणि किती औषध पोटात गेले तेही कळत नाही.

दुखणे थांबवणारे औषध हवेच, पण ते डॉक्टरांकडून. उंदरांना बहुधा मेलॉक्सिकॅम दिले जाते. ते वजनावर मोजून, थेंबाच्या हिशेबात द्यावे लागते आणि बाजारातल्या पातळ औषधांची तीव्रता निरनिराळी असते. मुलांच्या तापाचे घरातले औषध ‘थोडेसे’ म्हणून देऊ नये. आपल्याकडचे डॉक्टर गुरे आणि कुत्री पाहतात, म्हणून त्यांच्याकडे जायचे टाळू नका. वेदनाशामकाचा हिशेब, जखमेची तपासणी, कातडीखाली पाणी देणे ही कामे कोणताही पशुवैद्य करू शकतो. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर पणजी किंवा मडगावच्या दवाखान्यांत आधी फोन करून उंदराला गॅसने भूल देण्याची सोय आहे का, हे विचारून मगच निघावे. ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा’ असे कुणी सांगितलेच, तर नम्रपणे पुन्हा विचारावे. कुत्र्याला उपाशी ठेवतात ते ओकारीच्या भीतीने, उंदराला ती होत नाही आणि उपवासाने त्याच्या रक्तातली साखर मात्र उतरते.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो, तो माश्यांचा. उघड्या जखमेवर माशीने घातलेल्या अंड्यांतून दिवसाभरात अळ्या निघू शकतात. खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा आणि मुंग्यांसाठी, खाण्याच्या जिनसांना करतो तसे, खोके पाणी भरलेल्या परातीत उपड्या भांड्यावर ठेवावे.

प्रश्न : माझा पांढरा, लाल डोळ्यांचा उंदीर माझ्या खांद्यावरून थेट फरशीवर पडला. चालतो आहे, पण नाकाशी आणि डोळ्यांभोवती लाल दिसते. मेंदूत रक्तस्राव झाला असेल का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : ते रक्त नसण्याचीच शक्यता अधिक. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते आणि तिच्या स्रावात पॉर्फिरिन नावाचे लालसर द्रव्य असते. उंदीर घाबरला, आजारला किंवा दुखण्याने त्याने तोंड पुसणे सोडले की ते साचून रक्तासारखे दिसते. ओल्या कापसाने पुसून तो कापूस दुकानात नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरला, तर पॉर्फिरिन गुलाबी-लाल चमकते आणि रक्त काळपटच राहते. दिवा उंदराच्या डोळ्यांवर मात्र धरू नये.

ते पॉर्फिरिन निघाले तरी निश्चिंत होऊ नका, कारण तो त्रासात असल्याचीच ती खूण आहे. पुढील चोवीस तास पाहण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. कान आणि पंजे गुलाबीचे पांढुरके होणे, तोंड उघडून श्वास घेणे, पोट ताठ होणे, मान एका बाजूला कलणे, मागचे पाय फरफटणे. यांपैकी काहीही दिसले तर रात्र घालवू नये. मागचे पाय गेलेल्या उंदराला बऱ्याचदा लघवीही आपली आपण होत नाही आणि मूत्राशय तुंबणे पाठीच्या दुखापतीइतकेच घातक ठरते. पाठीचा कणा तुटून संवेदना पूर्ण गेली असेल, तर शांतपणे मरण देण्याविषयी डॉक्टर बोलतील. तो विषय निघाल्यावर त्यांच्यावर रागावू नये, अशी माझी विनंती आहे.

लाल डोळ्यांच्या उंदरांची दृष्टी अधू असते. ते डोके डावीकडे-उजवीकडे डोलवतात, तेव्हा अंतराचा अंदाज घेत असतात. तो अंदाज चुकतो, म्हणून त्याला खांद्यावर घेण्याचा हट्ट असेल तर जमिनीवर बसून घ्यावे.

प्रश्न : मांजराने आमच्या उंदराला पकडले होते, लगेच सोडवले. मानेवर टाचणीने टोचल्यासारखी दोन भोके आहेत, रक्तही आले नाही. वाट पाहावी का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : पाहू नये. मांजराचा दात बारीक पण खोल जातो, वरचे भोक तासाभरात मिटते आणि त्याच्या तोंडातले जंतू आत बंद होतात. भोक जेवढे लहान, तेवढे ते आत कोंडण्याची शक्यता अधिक. उंदीर आज उड्या मारत असला, तरी आजच दवाखान्यात न्यावे आणि प्रतिजैविक सुरू करावे. डॉक्टरांना मांजराचे नाव पहिल्याच वाक्यात सांगावे.

प्रश्न : पावसात घरात शिरणाऱ्या उंदरांसाठी आम्ही चिकट पुठ्ठा लावला होता. पिंजऱ्यातून सुटलेला आमचाच उंदीर त्यावर अडकला. ओढून काढताना पोटाचे केस आणि थोडी कातडी निघाली. अजून एक पाय आणि शेपटी चिकटलेली आहे.
— फोनवरून आलेला प्रश्न, पणजी

उत्तर : फोनवर सांगितले ते इथेही देतो, कारण ही वेळ इतरांवरही येते. ओढणे ताबडतोब थांबवावे. पुठ्ठ्याच्या रिकाम्या भागावर पीठ भुरभुरावे, म्हणजे उंदीर धडपडला तरी नव्याने चिकटत नाही. त्याच्या डोक्यावर फडके टाकून डोळे झाकावेत. मग खोबरेल किंवा कोणतेही खाण्याचे तेल बोटाने चिकटलेल्या जागी हळूहळू मुरवत जावे. पाच-दहा मिनिटांत गोंद ढिला होतो. रॉकेल किंवा थिनर चुकूनही वापरू नये. सुटल्यावर भांड्यांच्या सौम्य साबणाचे अगदी थोडे पाणी करून तेल धुवावे, सोललेल्या जागेवर फक्त सलाईन वापरावे, आणि अंग पुरते सुकवून उबेला ठेवावे.

घरात उंदरांचे विष ठेवलेले असेल आणि सुटलेल्या उंदराने त्याला तोंड लावल्याचा संशय असेल, तर पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जावे. रक्त न गोठू देणाऱ्या विषांचा परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो आणि त्यावर के जीवनसत्त्वाचा उपचार आहे, मात्र तो वेळेत सुरू व्हायला हवा.

प्रश्न : जखम धुताना उंदीर मुलीच्या बोटाला चावला. आजी म्हणते, लेप्टो होईल, उंदीर सोडून द्या.
— एक पालक, पेडणे

उत्तर : दुखणारा उंदीर चावतो, त्यात त्याचा दोष नाही. यापुढे त्याला सुती फडक्यात गुंडाळून, फक्त जखमी भाग बाहेर ठेवून धुवावे आणि हे काम मोठ्या माणसाने करावे. बोट साबण आणि वाहत्या पाण्याखाली पाच-दहा मिनिटे धुऊन आरोग्य केंद्रात दाखवावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनची आणि इतर इंजेक्शनांची गरज तेथील डॉक्टर ठरवतील. आजींची भीती अगदीच निराधार नाही. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या लघवीतून पसरतो, पण आपल्याकडे पावसाळ्यात त्याचा मुख्य धोका बाहेरच्या उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्याचा आणि चिखलाचा असतो. म्हणून पाळीव उंदराचा पिंजरा, खाणे आणि पाणी यांना बाहेरच्या उंदरांचा स्पर्श होऊ देऊ नये. चाव्यानंतर साधारण तीन ते दहा दिवसांत ताप, अंगावर पुरळ किंवा सांधेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना ‘उंदीर चावला होता’ हे स्वतःहून सांगावे, कारण तोवर बोट बरे झालेले असते आणि विचारल्याखेरीज ते कुणाला आठवत नाही.

उंदीर सोडून देण्याबद्दल विचारलेत, तर पिंजऱ्यात वाढलेला, त्यातून जखमी असलेला उंदीर बाहेर एक रात्रही काढणार नाही. आजींच्या समाधानासाठी तो पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर, पडवीच्या आतल्या बाजूला, वारा आणि मांजर दोन्ही येणार नाहीत अशा जागी हलवावा.