दहा गुंठ्यांवर जगायचं म्हणते, काय सांगू?

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी न करता घरामागच्या दहा गुंठ्यांत भाजीपाला, कोंबड्या आणि दोन शेळ्या यांवर राहायचं तिनं ठरवलंय, आणि हे वेड आहे की करिअर, असं तुम्ही विचारलंय. वेड तर मुळीच नाही. मला तिचं कौतुकच वाटलं. पण ती ज्याला करिअर म्हणतेय, ती आज तरी घरखर्चातली बचत आहे, कमाई नव्हे.

तिच्याबरोबर बसून साधा हिशेब मांडा. माणसाला दिवसाला साधारण 2000 कॅलरी लागतात. एका गुंठ्यात बटाटा बरा आला तर 200 किलो निघतो, म्हणजे एका माणसाची जेमतेम अडीच महिन्यांची सोय. तिथंच पालेभाजी लावली तर जीवनसत्त्वं भरपूर मिळतील, पोट मात्र भरणार नाही. वाढीच्या काळात भाजीला आठवड्याला सुमारे 25 मिलिमीटर पाणी लागतं. गुंठ्याला ते अडीच हजार लिटर होतं. पाऊस नसेल तेव्हा ते कुठून आणणार? आणि तेल-मीठ, वीज, औषधपाणी यांना रोख पैसेच लागतात.

जनावरांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण स्वप्नं बहुतेक तिथंच अडतात. कोंबडी पाचेक महिन्यांची झाल्यावर अंडी देऊ लागते आणि दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. शेळी व्यायल्याशिवाय दूध नाही. गाभण काळ सुमारे 150 दिवसांचा. होणाऱ्या करडांत साधारण निम्मे बोकड असतात. ते विकायचे की कापायचे, हे शेळी आणण्याआधी ठरलेलं असावं. मन हळवं असेल तर हा प्रश्न फार जड जातो, आणि तो तिला आत्ताच विचारणं हीच माया आहे. शिवाय दुभती शेळी रोज पिळावी लागते, ताप असो की घरात कार्य असो.

हे ऐकूनही तिची ओढ टिकली, तर ती नेमकी कशाची आहे ते पाहा. आजारी जनावराजवळ रात्रभर बसायला तयार असेल तर पशुवैद्यक, बी-रोपांत रमत असेल तर उद्यानविद्या, मातीचं कुतूहल असेल तर मृदाशास्त्र, टिकवण्या-साठवण्यात हात चालत असेल तर अन्नप्रक्रिया. यांतल्या कुठल्याही कामातून पोटापाण्याची सोय होते आणि बागही सुटत नाही.

पदवी तिनं पूर्ण करावीच. मग अर्धवेळ काम धरून वर्षभर एकच गुंठा कसावा. बियाणं, पाणी, तास, निघालेलं वजन, किडीनं खाल्लेलं, सगळं त्याच दिवशी वहीत लिहावं. कोंबड्या चार-पाच पुरेत. त्यांची ताजी विष्ठा थेट रोपांना घालू नये, मुळं जळतात. आधी पालापाचोळ्यात कुजवावी. शेळ्या पहिल्या वर्षी नकोतच. दुसऱ्या वर्षी आणायच्या असतील तर आधी महिनाभर एखाद्या शेळीपालकाकडे राबून यावं.

तुम्हाला एकच विनंती: त्या वर्षात दर आठवड्याला नोकरीचा विषय काढू नका. वर्ष सरल्यावर ती वही दोघी मिळून वाचा आणि पुढच्या शिक्षणाचे अर्ज त्यानंतर भरा.