शास्त्रीय गायिका कलापिनी कोमकली यांचे आई-वडील कोण? दोघेही गायक होते का?

हो, दोघेही. वडील म्हणजे पंडित कुमार गंधर्व. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ, जन्म १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. क्षयामुळे ते १९४८ मध्ये मध्य प्रदेशातल्या माळवा भागातील देवासला गेले, बरेच दिवस गाणं बंद होतं. तिथेच माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानावर पडली आणि पुढे त्यांच्या गायकीत मुरली.

आई वसुंधरा कोमकली. त्यांची ओळख फक्त 'कुमारजींची साथ करणाऱ्या' एवढीच दिली जाते, हे मला फार खटकतं. त्या स्वतः ग्वाल्हेर परंपरेच्या कसदार गायिका होत्या, पद्मश्रीही मिळाली होती.

कलापिनीताई या दोघांकडेच शिकल्या. मुकुल शिवपुत्र त्यांचे सावत्र भाऊ आणि गायक भुवनेश कोमकली हे मुकुलजींचे चिरंजीव.